नंबर वाढला की कमी झाला?

"हे बरं, की हे?"

त्याने माझ्या डोळ्यापुढची काच बदलली आणि पुन्हा विचारलं, "आत्ताचं बरं, की आधीचं?"

खरं सांगते, मला रडूच आलं. बदली होऊन या गावात आल्याला सात महिने झाले होते. शाळेत मी 'गणिताच्या बाई' होते आणि घरमालकिणीसाठी 'वरच्या मजल्यावरची'. मला काय बरं वाटतं, हे एवढ्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

"डोळ्यांत पाणी येतंय... उजेड जास्त होतोय का?" चष्मेवाला म्हणाला.

"हो. उजेडच."

त्याने तपासणीचा दिवा मालवला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. "बाई, नंबर वाढला. उजवा पावणेतीन होता, सव्वातीन झाला."

"मायनसच ना?"

"मायनसच."

"मग वाढला कुठे? कमी झाला!" गप्प बसणं मला कधी जमलेलंच नाही. मी त्याचं पेन ओढून घेतलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, −३.२५ < −२.७५. "शून्याच्या डावीकडे जितकं लांब, तितकी संख्या लहान. चिन्हाचं उघडं तोंड मोठ्या संख्येकडे. सहावीतली मुलंसुद्धा इथेच गडबडतात."

तो चिठ्ठीकडे बघत राहिला. मग हसला. "असेल हो. पण कमी होऊनसुद्धा तुम्हाला फळा दिसायचा नाही तो नाहीच."

मीही हसले – किती दिवसांनी, कोण जाणे.

नवा चष्मा आणला, तरी माझं दर शनिवारी त्या दुकानात काही ना काही काम निघायचंच.

"स्क्रू ढिला झालाय," मी म्हणायची.

"कुणाचा?" तो मान वर न करता विचारायचा.

एकदा स्क्रू पिळता पिळता त्याने विचारलं, "कशा आहात?"

"मजेत."

"असं मोघम नको. नंबर सांगा. नंबर काढल्याशिवाय मी कुणावर विश्वास ठेवत नाही."

मी विचार केला. "उणे दीड."

"आणि गेल्या शनिवारी?"

"उणे... सव्वादोन."

त्याने चिठ्ठीवर जपून लिहिलं, −१.५ > −२.२५. मग ती माझ्यापुढे धरली. "बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे आज जास्त आहे की!"

शून्याच्या खालीच होते अजून. तरी ती चिठ्ठी मी पर्समध्ये घातली. घरी एक ताट, एक कप आणि रविवारभराची शांतता. आवाज फुटतोय की नाही हे बघायला मी कधी कधी दुधाच्या पिशवीवरची अक्षरं मोठ्याने वाचायची.

मग दादाचा फोन आला. "मी खटपट केली, तुझी बदली इकडे होतेय. शुक्रवारपर्यंत होकार द्यायचाय. वहिनीने तुझी खोलीसुद्धा आवरून ठेवलीय. एकटी किती दिवस कुढत बसणार आहेस?"

गुरुवारी संध्याकाळी मी दुकानात गेले आणि सगळं सांगून टाकलं. काच पुसणारा त्याचा हात थांबला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "घरची माणसं असली म्हणजे... तिकडे प्लसमध्येच असाल."

"असेन."

मी वाट पाहिली. त्याने थांबा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तो आपला पुसलेली काच पुन्हा पुसत बसला. मला इतका राग आला! "येते," म्हणून मी उठले, दारापर्यंत गेलेही.

"बाई... इतके दिवस मी तुमचा नंबर विचारतोय. तुम्ही माझा एकदाही विचारला नाहीत."

मी दारातूनच मागे वळले. खरंच की. एकटेपण जणू माझ्या एकटीच्याच नावावर लिहिलेलं होतं! हा कुणाबरोबर जेवतो, रविवारीही दुकान का उघडं ठेवतो, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"किती?" मी विचारलं.

"आई गेल्यापासून... उणे साडेचार."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी उणे पाव."

"मोठी कोणती?" मी बाईंचा आवाज काढला.

"तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ऐकायचंय."

"शनिवारची." त्याने स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. "पण म्हणून तुम्हाला थांबवायचं कोणत्या तोंडाने? तिकडे भरलेलं घर आहे. इथे मी आहे तो हा असा, शून्याच्या खालचाच."

मला लाज वाटत होती, रडू येत होतं आणि आनंदही मावत नव्हता. मी पर्स खाली ठेवली.

"दादाला नाही म्हणून कळवते," मी म्हणाले. "आणि... तुम्ही मला आवडता."

तो टेबलावर चाचपडायला लागला. डबी पडली, फडकं पडलं, शेवटी चष्मा हाताला लागला. घाईघाईने त्याने तो डोळ्यांवर चढवला.

"थांबा हं, तुमचा चेहरा नीट दिसत नव्हता," तो म्हणाला. "आता... आता पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हणाले.