चार नंबरला मोरेश्वर

माझं काम लोकांना सांगून पटत नाही. पांढुर्ण्यात घरच्या पुढच्या खोलीत बसून मी सौंसरजवळच्या एका शीतगृहातल्या मशिनी चालवते. तिथे संत्री ठेवतात. चार खोल्या, चार कॉम्प्युटर, आणि चारही कॉम्प्युटरच्या तारा एका स्विचच्या डब्यात आलेल्या. त्या डब्यात मी इथून लॉगिन करते, हवी ती मशीन निवडते आणि तिचा पडदा माझ्यासमोर उघडतो. एका मशीनवर एका वेळी एकच माणूस.

आत शिरायला नाव लागतं, पासवर्ड लागतो आणि दर वेळी मोबाइलवर येणारा नवा कोड लागतो. मागे कुणीतरी आत घुसून तापमानाशी खेळलं होतं आणि ट्रकभर माल सडला होता. दुधाने तोंड पोळल्यावर मीही ताक फुंकून प्यायला लागले. माझा थोरला भाऊ मोरेश्वर तिथे ऑपरेटर आहे. तो माझ्यावर हसला.

"हिमे, संत्र्याच्या खोलीले एवढं कुलूप? नाकापेक्षा मोती जड!"

पण पासवर्ड त्याने स्वतः ठरवला आणि मलाही सांगितला नाही. मला त्याचं कौतुक वाटलं.

डिसेंबरातली दुपार होती. डिंपल वहिनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दादाच्या नंबरवरून फोन आला. आवाज मात्र चौकीदार नत्थूजींचा.

"ताई, भाऊ चार नंबरच्या खोलीत गेले अन् दरवाजा लागून गेला. उघडूनच नाही राहिला. इथला कीबोर्डही चालून नाही राहिला."

फळ टिकावं म्हणून त्या खोलीतला प्राणवायू कमी केलेला असतो. माणूस तिथे फार वेळ शुद्धीवर राहत नाही, आणि दरवाजा चार नंबरच्या मशीनवरूनच उघडतो.

मी लॉगिन केलं, चार नंबर निवडला. पडद्यावर पट्टी आली. मशीन वापरात आहे. वापरणारा: मोरेश्वर.

जीव भांड्यात पडला. तो बाहेर होता तर. नत्थूजी उगाच घाबरले.

"नत्थूजी, दादा तर मशीनवर बसलाय."

"काय बोलून राहिल्या ताई? मशीनसमोर तर मीच उभा आहो. भाऊ आतून दरवाजा ठोकून राहिले. आयका."

त्यांनी फोन दाराला लावला असावा. धप्, धप् असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"मग त्याचा मोबाइल कुणाकडे आहे?"

"माह्याच हातात. भाऊ आत जाताना बाहेर ठेवून जातेत. त्याच्यावरूनच तर बोलून राहिलो."

म्हणजे कोड आला असता तर नत्थूजींच्या हातात आला असता. पट्टीवर कुठून लॉगिन झालं ते लिहिलेलं असतं. ती जागा कोरी होती. पासवर्ड मात्र बरोबर होता, आणि कोडही.

मशीन दुसऱ्याकडे असली तरी तिचा पडदा बघण्याची आणि वापरणाऱ्याला निरोप लिहिण्याची सोय असते. मी पडदा उघडला. एकेक अक्षर उमटत होतं.

हिमे, दरवाजा उघडू नको.

मी लिहिलं, तू कुठे आहेस?

आतच आहो. पन जो दरवाजा ठोकून राहिला, तो मी नाही.

"ताई, लवकर करा!" नत्थूजी रडायला आले होते. "तुमचं नाव घेऊन राहिले. हिमानी, हिमानी करून राहिले. आवाज बसत चालला."

दादाने मला आयुष्यात हिमानी म्हटलेलं नाही.

नको उघडू, हिमे. आधी मले काढ.

कसं काढू, ते मला ठाऊक नव्हतं. दाराआड एक माणूस गुदमरत होता. तेवढंच मला कळत होतं.

मुख्य खातं माझं, त्या अधिकाराने मी मशीनचा ताबा ओढून घेतला आणि दरवाजा उघडला.

फोनवर गलका झाला. नत्थूजी हसत होते, रडत होते. "वाचले, ताई! वाचले!"

संध्याकाळी दादा घरी आला. ओठ निळसर पडले होते, बाकी धडधाकट. वहिनीने त्याला ओवाळलं. मीही त्याच्या गळ्यात पडून रडले. त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नको, हिमानी."

अशा प्रसंगानंतर पासवर्ड बदलावा लागतो. त्यासाठी आधी जुना टाकायचा असतो. मी त्याला खुर्चीवर बसवलं. तो कीबोर्डकडे नुसता बघत राहिला.

"आठवून नाही राहिला," तो म्हणाला.

"मरणातून आलेला माणूस," वहिनी मला म्हणाली. "काहून छळतेस त्याले?"

तेव्हापासून तो घरीच असतो. ऐन थंडीत नुसत्या बनियनवर बसतो. वहिनी कधी नव्हे इतकी सुखात आहे, गाणं गुणगुणत भाकरी थापते.

रोज सकाळी मी चार नंबरची मशीन घेते, आणि रोज थोड्याच वेळात पडद्यावर विचारणा येते. मोरेश्वर यांना ही मशीन हवी आहे. द्यायची? खाली दोन बटणं असतात, होय आणि नाही.

पासवर्ड बरोबर असतो. कोड बरोबर असतो. तपासायला मी ठेवलेलं सगळं बरोबर असतं.

होय म्हटलं तर घरात बसलेल्याचं काय होईल, मला माहीत नाही. मला त्याची भीती वाटते. खाटेवर, माझ्या पाठीमागे तो बसलेला असतो. मी ‘नाही’चं बटण दाबते. मोरेश्वरचं खातं कायमचं बंद करायलाही हात धजत नाही.

काल विचारणा उशिरा आली. मी नोंद उघडून पाहिली. पडद्याआडच्या मोरेश्वरचा पासवर्ड पहिल्यांदाच चुकला होता.