पटवायचा क्लास

अश्लेषा नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका क्लासमध्ये मुलांना नोकरीचे अर्ज लिहायला शिकवायची. वाचणाऱ्याला आपलं म्हणणं पटवून कसं द्यायचं, हा तिचा विषय. पण संचालकांना एवढं लांबलचक नाव रुचलं नाही. त्यांनी सरळ दारावर पाटी ठोकली — ‘पटवायचा क्लास’.

त्या पाटीनंच घात केला. शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर शिकवायला नव्यानं आलेला दुर्गेश पहिल्याच दिवशी ती वाचून दारात थबकला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “मॅडम, इथं आमच्यासारख्यांची ॲडमिशन होते काय?”

अख्खा वर्ग खिदळला. अश्लेषा रागावली... म्हणजे रागवायचं ठरवलं होतं तिनं, पण हसू आवरलं तर ना.

मग चहा एकत्र होऊ लागला. संध्याकाळी ती त्याला कामठीच्या बसपर्यंत सोडायला जायची, आणि बस चुकली तर दोघांपैकी कुणालाच वाईट वाटायचं नाही.

अशात दुर्गेशनं पुण्याच्या एका कंपनीत अर्ज करायचं काढलं. तपासायला अर्थातच लॅपटॉप घेऊन तिच्याकडे आला. तो जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं, पण मुद्दाम कच्चा अर्ज पाठवणं काही तिला जमेना. तिनं त्याचं एकेक काम नीट, वजनदार करून मांडलं. फक्त नागपूर का सोडायचं, हा परिच्छेद त्यानं पुन्हा पुन्हा लिहूनही कोरडाच राहिला.

“हे पटत नाही हो, सर,” ती म्हणाली.

“मलेच पटून नाही राहिलं,” दुर्गेश खाली बघत म्हणाला. “मायची इच्छा आहे, पोरानं मोठ्या कंपनीत जावं. तुम्हीच सांगा नं... काहून जाऊ मी?”

पगार, बढती, मोठं शहर — मुद्दे सगळे तिच्या जिभेवर होते. काय हवंय ते आडवळण न घेता लिहा, असं ती मुलांना रोज बजावायची. आणि स्वतः मात्र...

“नका जाऊ,” ती म्हणाली. “तुम्ही गेले तर मले करमणार नाही.”

एरवी वर्गात पुस्तकी मराठी बोलणाऱ्या अश्लेषाचे, आपलंच ते ‘मले’ ऐकून, कान तापले. दुर्गेशनं लॅपटॉप हळूच मिटला.

“इथंच शोधतो मी काम,” तो म्हणाला. “पण मायले सांगाले मी एकटा कमी पडीन. रविवारी... घरी याल?”

अश्लेषानं पर्स खांद्याला लावली.

“रविवारपर्यंत कोण थांबते? आजच येते.”