जागेची शांतता

“हलू नका!”

मी जागीच थिजले. नदीकाठच्या दगडी पायऱ्या, संध्याकाळचं कलतं ऊन, आणि गुडघाभर गवतात उभा असलेला एक तरुण. कानांवर हेडफोन, हातात लांब दांडीचा मायक्रोफोन – जणू पाखराला घास भरवतोय!

“तुमच्या पर्समधल्या किल्ल्या वाजतायत.”

“मग? नदीत फेकू?”

तो हसला. आणि एरवी कुणाचं न ऐकणारी मी… किल्ल्या मुठीत धरून शहाण्यासारखी उभी राहिले.

मग कळलं, रेडिओच्या ज्या कार्यक्रमासाठी मी वेगवेगळ्या जागांची वर्णनं लिहायला निघाले होते, त्याच कार्यक्रमासाठी हा तरुण तिथले आवाज टिपणार होता. मी मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं, “निळंशार पाणी, हिरवीगार झाडी…”

“छान आहे,” तो म्हणाला, “पण ऐकणारा डोळे मिटून बसला असेल तर?”

अस्सा राग आला! तरी चपला काढल्या. दगडानं दुपारचं ऊन अजून पोटाशी धरलं होतं, फटीतलं शेवाळ मात्र गार, लुसलुशीत. वाऱ्याला ओल्या लोखंडाचा वास होता, तसं मी बोलूनही दाखवलं.

“वास येतोय?” तो हरखून म्हणाला. “माझं नाक बारमाही चोंदलेलं. सांगा ना, अजून कसला येतोय?”

त्या दिवसापासून तो माझा कानसेन, आणि मी त्याचं नाक!

मग आम्ही खूप हिंडलो. लाकडाची वखार, गुऱ्हाळ, जुना पूल. तो ऐकायचा, मी हुंगायची, चाखायची, हात लावून बघायची. आणि प्रत्येक ठिकाणी काम संपलं की त्याचं बोट वर व्हायचं. मिनिटभर कुणी बोलायचं नाही; जागेची नुसती शांतता टिपून घ्यायची, पुढे आवाजाचे तुकडे जोडताना मध्ये भरायला लागते म्हणून. “प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते,” तो म्हणायचा आणि डोळे मिटायचा. मी मात्र उघडेच ठेवायची…

घरी वहिनीला सगळं कळलं होतं. “शब्दांचं दुकान तुझं, आणि त्याच्यासमोर शटर खाली?” म्हणत ती भाजी चिरता चिरता गुणगुणायची –

नदीकाठी जाते कुणी, रंग पाण्याचा पाहाया,
ऐकणारा भेटे तिला, शब्द लागले गळाया!

मग त्याची बदली झाली. दूर, समुद्राकाठच्या रेडिओ केंद्रावर. शेवटचं काम नेमकं त्याच नदीच्या पायऱ्यांवर आलं. माझं वाचून झालं. पर्स वाजू नये म्हणून किल्ल्या मुठीत घेतल्या. त्याचं बोट वर झालं.

शांतता.

पाणी दगडाला हळूच चाटत होतं. हे मिनिट सरलं की वायरी गुंडाळल्या जातील, दांडी मिटेल आणि हा जाईल. आत्ता नाही तर कधीच नाही…

“ही एक दगडी पायरी आहे,” मी सुरुवात केली. “उजवीकडे नदी. डावीकडे एक माणूस. त्याच्या सदऱ्याला उन्हाचा आणि साबणाचा वास येतो – त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नाही. तो ऐकायला लागला की त्याचा श्वाससुद्धा पावलं न वाजवता चालतो. मी पुष्कळ जागा पाहिल्या… पण उठावंसं वाटत नाही, ते फक्त इथून.”

त्यानं डोळे उघडले. यंत्रावरचा लाल दिवा तसाच जळत होता.

“शांतता बिघडवलीत,” तो पुटपुटला.

“मग… पुन्हा घ्या.”

“आता कशी येईल? मघाच्या शांततेत मी तुमच्याकडून हे ऐकलेलं नव्हतं.” त्यानं हेडफोन गळ्यात उतरवले. कान लालबुंद झाले होते. “तिकडे समुद्र आहे म्हणतात. लाटा मी ऐकेन… पण त्याचा वास कसा, ते मला कोण सांगणार?” तो अडखळला. “तू… येशील?”

“लिहायला काय, मला एक खिडकी पुरते,” मी म्हटलं. “पण ती समुद्राकडे उघडणारी हवी हं!”

माझी मूठ कधी सैल झाली, कोण जाणे. किल्ल्या खळ्ळकन पायरीवर पडल्या.

या वेळी ‘हलू नका’ असं कुणीच म्हणालं नाही.