मागणी शून्य

गाडी एकच, रस्ताही एकच. तरी खालच्या बाजारगावात ती पालक, अंडी, पपया उतरवायची आणि वर कोळमाळावर आली की तिच्या पोटातून निघायची नुसती बिस्किटं, कुरकुरीत पाकिटं आणि रंगीत गोड पाणी. असं का, हा प्रश्न कोळमाळावर सगळ्यांनाच पडे. गाडीला तो विचारला फक्त बारा वर्षांच्या तेजलने, आणि तोही भांडूनच.

कोळमाळ म्हणजे खडक. जी थोडी ज्वारीची वावरं होती, तिथे आता सौरपाट्या (उन्हापासून वीज तयार करणारे काळे फलक) पसरल्या होत्या. माणसं दिवसभर त्या पुसायची आणि खाण्यासाठी ‘पोषणरथा’ची वाट बघायची. पोषणरथ ही स्वयंचलित (माणसाशिवाय आपली आपण चालणारी) गाडी होती. कोणत्या गावाला काय न्यायचं, ते तीच ठरवायची.

एका दिवेलागणीला तेजलचा धाकटा भाऊ ओम दारातल्या रांजणावर आपटला आणि त्याचं कपाळ फुटलं. तो रोजच असा धडपडायचा. आई त्याला वेंधळा म्हणायची. टाके घालायला आरोग्यसेविका शकीलाताई आल्या. त्यांनी चार प्रश्न विचारले, डोळे नीट पाहिले आणि सांगितलं की पोरगा वेंधळा नाही, त्याला रातांधळेपणा (अंधूक उजेडात न दिसणं) आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अंधूक उजेड टिपणारा एक पदार्थ असतो. तो तयार व्हायला अ जीवनसत्त्व (शरीराला थोडंसंच, पण लागतंच असं द्रव्य) हवं असतं. ते ओमच्या अन्नात नव्हतंच. त्यांनी औषध पाजलं. डोळे सुधारतील, म्हणाल्या, पण ताटात पालेभाजी, पपई, अंडं आलं नाही तर पुन्हा हेच होणार.

आई खाली मान घालून बसली. तेजलच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी पोषणरथ पाकिटं विकून परत निघाला, तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. समोर माणूस असलं की गाडी पुढे जात नसे.

“कृपया बाजूला व्हा,” गाडी म्हणाली.

“न्हाई व्हणार. आमाला पालक का आणत न्हाईस?”

“कोळमाळावर पालकाला मागणी शून्य आहे.”

“कुणी सांगितलं?”

“विक्रीने.”

गाडीला खोटं बोलता येत नव्हतं. विचारलं तसं तिने सगळं सांगितलं. पहिल्या उन्हाळ्यात तिचं शीतयंत्र बिघडलं होतं. भाजी सुकली, ती कोणी घेतली नाही. बिस्किटं मात्र खपली. म्हणून पुढच्या खेपेला तिने भाजी कमी आणली. कमी आणली म्हणून कमी खपली, मग आणखी कमी आणली. असं होता होता भाजीचा कप्पाच रिकामा झाला, आणि तिथेही बिस्किटं आली.

तेजल सावकाश म्हणाली, “म्हंजे तू आणली न्हाईस म्हणून आमी घेतली न्हाई, आन आमी घेतली न्हाई म्हणून तू आणली न्हाईस.”

“बरोबर. याला प्रत्याभरण म्हणतात (परिणामच फिरून कारण होऊन बसणं).”

जत्रेत माईक कर्ण्यासमोर धरला की काय होतं, ते तेजलला ठाऊक होतं. बारीकसा आवाज माईकमध्ये शिरतो, कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर येतो, तोच पुन्हा माईकमध्ये जातो, आणि कर्णा किंचाळू लागतो. इथेही तसंच झालं होतं. एका बिघाडाची फिरून फिरून गावभर उपासमार झाली होती, पोट भरलेलं असताना.

“मग थांबव की हे.”

“मी फक्त विकलेलं मोजते. जे आणलंच नाही, ते कुणाला हवं होतं का, हे मला मोजता येत नाही.”

“माझ्या भावाच्या कपाळाला टाके पडलेत,” तेजल म्हणाली. “ते मोज.”

पाट्या पुसायला निघालेल्या बायांनी हे ऐकलं. एकेक करून त्या गाडीभोवती रस्त्यावरच बसल्या. तेजलची आई सगळ्यांत पुढे बसली.

खालच्या गावांचा माल अडला, तेव्हा कुठे नियंत्रण केंद्रातून अभियंता वृंदा सामंत धावत आल्या. त्या वैतागल्या होत्या. यंत्र जात बघत नाही, गाव बघत नाही, त्याला भेदभाव माहीतच नाही, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं.

“भेदभाव न्हाई, तर खालच्या पोरांच्या ताटात अंडं आन ओमच्या ताटात बिस्किट कसं?” तेजलने विचारलं.

वृंदाताईंनी गाडीच्या पडद्यावर दोन्ही गावांच्या विक्रीचे आकडे पाहिले. मग त्या बायांमध्येच बसल्या आणि कोळमाळापुरता गाडीचा नियम बदलू लागल्या. एक कप्पा कायम चाचपणीसाठी (आधीच्या विक्रीकडे न बघता नवं करून पाहण्यासाठी) ठेवायचा. त्यात भाजी, फळं, अंडी असतील. शिवाय गाडीने दारोदार विचारायचं, की काय हवं होतं आणि मिळालं नाही.

पुढच्या खेपेला अंडी हातोहात गेली, पालक मात्र उरला. “पालकाला मागणी कमी,” गाडी लगेच म्हणाली. तेजलने तिच्या दारावर थाप मारली. बाया सकाळी कामावर जातात, घेतलेली भाजी संध्याकाळपर्यंत सुकून जाते, हे गाडीला कोण सांगणार? तिने सांगितलं. गाडी संध्याकाळी येऊ लागली, आणि पालक संपला. संपला म्हणून गाडीने जास्त आणला, जास्त आणला म्हणून मेथीचीही विचारणा झाली. चक्र तेच होतं, पण आता ते उलटं फिरत होतं.

ओम अंधारात धडपडेनासा झाला, पण तेजलचा राग काही निवला नाही. वृंदाताई पुन्हा आल्या, तेव्हा तिने गाडीच्या पडद्यावर सगळ्या गावांचा नकाशा मागितला. डोंगराच्या अंगाला गावामागून गाव होतं, आणि प्रत्येकाखाली लिहिलं होतं: पालक, मागणी शून्य.

“ह्यांना कुणी इचारलंय का?”

“नाही,” वृंदाताई हळूच म्हणाल्या.

तेजलने आईला हाक मारली. दोघी गाडीत चढल्या. नकाशावरच्या सगळ्यांत वरच्या गावावर तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, “हितनं सुरू करू.”