चार नंबरची किल्ली

बॅगा भरून झाल्या ना? मग बसा जरा. पहाटे निघायचं म्हणून आत्तापासून डोळे मिटायची काही गरज नाही. दार उघडंच राहू दे, तेवढाच वारा येतो. सूनबाई, तू त्या खुर्चीत बस. भाचेबुवा, तुम्ही खाली टेका. लग्न होऊन दोन महिने झाले, आता खाली बसायची सवय केलेली बरी.

ते समोरचं दार दिसतंय का, जिन्याच्या पलीकडचं? कुलपाच्या जागी भोक आहे आणि त्यावर पत्र्याचा तुकडा ठोकलाय, ते. आता तिथे कोणी राहत नाही. गोष्ट त्याच घरातली. गोष्ट म्हणजे काय, एक माणूस एक किल्ली परत करायला गेला, एवढंच. मागच्या वर्षी, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी.

तिथे एक जोडपं राहायचं, तुमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामाला उंच उंच इमारतींत आणि राहायला आमच्या या बिनलिफ्टच्या घरात. "मामा, दिवसभर लोकांना वर पोचवतो आणि माझ्या नशिबी जिना," असं धापा टाकत म्हणायचा. ती रक्त तपासतात त्या लॅबमध्ये. हात इतका हलका, की सुई टोचून झाली तरी माणूस आपला डोळे घट्ट मिटून बसलेला. माझंही रक्त तिनेच घेतलंय. "झालं पण, मामा, आता श्वास घ्या," म्हणायची.

सगळी इमारत त्या दोघांना 'शनिवार-रविवार' म्हणायची. शनिवार उजाडला, की यांची छोटी गाडी सुटलीच. कधी धबधबा, कधी किल्ला, कधी एखादं तळं. सोमवारी ती मला फोनवर फोटो दाखवायची. हा डोंगर, हा आम्ही चुकलो तो रस्ता, आणि हा आमचा हा, डोंगर सोडून झोपलेला.

तिची एक गंमत होती. लॉजची खोली सोडताना उंबऱ्यात उभी राहायची, मागे वळायची आणि रिकाम्या खोलीला सांगायची, "येतो हं आम्ही." पलंगाला, खिडकीला, न्हाणीघरातल्या बादलीला. मग हा मागून आवाज जाड करून म्हणायचा, "या हो, वाट बघतो." आणि दोघं हसत हसत पायऱ्या उतरायची. 'जाते' हा शब्दच तिला चालायचा नाही. आपल्यात सगळेच सांगतात तसं करायला, पण हिचा अगदी हट्ट. रात्री-बेरात्री लिफ्ट अडकल्याचा फोन यायचा, हा शर्टाची बटणं लावत "जातो गं" म्हणायचा, आणि ही त्याची एक चप्पल हातात धरून दार अडवून उभी. "येतो म्हण. त्याशिवाय सोडणार नाही." तो "येतो बाई, येतो" म्हणेपर्यंत चप्पल मिळायची नाही. इथे बसून मला सगळं ऐकू यायचं.

मग बिनसलं. का, ते विचारू नका. मोठं काही असतं तर कोणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. लॅबमध्ये तिने संध्याकाळची पाळी मागून घेतली होती. ती घेतली तर शनिवार मोकळा मिळायचा, फिरायला जायला. पण त्यापायी रोज घरी यायला साडेनऊ-दहा वाजायचे. याला शनिवारही हवा होता आणि संध्याकाळी बायको घरातही हवी होती. दोन्ही कुठून आणायचं तिने? हा धुमसत बसायचा.

आणि मग एक घाणेरडी खोड लागली त्याला. त्या दाराचं कुलूप जुनं, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं. आतून किल्ली तशीच राहिली, की बाहेरची किल्ली आत जात नाही. हा आतली किल्ली मुद्दाम कुलपात ठेवून द्यायचा. ती दमून चार जिने चढून यायची, किल्ली घालून बघायची, जायची नाही. मग बेल वाजवायची. एकदा. थांबायची. पुन्हा एकदा. आत टीव्ही चालू असायचा. मनात येईल तेव्हा दार उघडायचा आणि म्हणायचा, "विसरलो." रोज विसरायचा! दोन-तीनदा मी तिला इथे आत बोलावून बसवली. त्याच खुर्चीत. चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणायची, "कामाचा ताण असतो हो त्याला, मामा. विसरतो तो." मला असा राग यायचा, की काय सांगू.

फिरणं मात्र सुटलं नाही. गाडीत भांडायचे आणि फोटोत हसायचे. सोमवारचे फोटो दाखवणं तिने बंद केलं, त्यावरून मी काय ते ओळखलं.

शेवटची खेप त्या आधीच्या जानेवारीत. तळ्याकाठचं एक साधं लॉज, खोली नंबर चार. रात्री ती म्हणाली, "मी पाळी सोडते. शनिवार-रविवार घरीच राहू या. दोघंच." आणि हा काय म्हणाला असेल? "तुझ्याबरोबर दोन दिवस घरात? त्यापेक्षा लिफ्टमध्ये अडकलेलं बरं." त्याला वाटलं, विनोद केला.

सकाळी बाहेर दाट धुकं होतं. हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. जागा होता, पण डोळे मिटून. तिने बॅग भरली. तिच्या बॅगेची चेन मध्यावर अडकायची, मागे घेऊन पुन्हा ओढावी लागायची. ती ओढली. दारापर्यंत चालत गेली. आणि म्हणाली,

"जाते मी."

जाते. आणि लगेच गेली नाही ती. उंबऱ्यात थांबली. कशासाठी थांबली, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. 'येते म्हण' एवढंच म्हणायचं होतं त्याने. दोन शब्द. अर्धं भांडण तिथेच मिटलं असतं.

तो म्हणाला, "जा."

ती एसटी पकडायला तळ्याच्या रस्त्याने चालत निघाली. धुक्यात ट्रकवाल्याला ती दिसलीच नाही. याची दाढी चालू होती, तेवढ्यात खाली आरडाओरडा झाला. हा तोंडाला साबण लागलेला तसाच पळाला, आणि पळताना सवयीने खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. लाकडाच्या जाड तुकड्याला बांधलेली किल्ली, तुकड्यावर पांढऱ्या रंगाने चार आकडा.

ती किल्ली दहा महिने त्याच्याकडे राहिली. लॉजवाल्याने दुसरी बनवून घेतली होती, पण एकदा त्याचा फोन आला. "साहेब, मूळ किल्ली तेवढी पोस्टाने पाठवाल का?" हा म्हणाला, आणून देतो. जाण्याआधी इथे आला, दारातच उभा राहिला. वाळून गेला होता नुसता. म्हणाला, "मामा, ती थांबली होती हो. माझ्यासाठी थांबली होती. त्या खोलीत जाऊन एकदा तरी तिला म्हणतो, 'येते म्हण'. ऐकायला कोणी नसेना का. माझ्या घशात अडकलंय ते."

मी म्हटलं, "जाऊन ये."

पुढचं सगळं त्याने मला नंतर सांगितलं. त्याच खुर्चीत बसून. अगं, उठतेस कशाला? बस. खुर्चीचा काय दोष?

लॉजवाला म्हणाला, "साहेब, दुसरी खोली घ्या, मोठी खिडकी आहे." याने चारच मागितली. आत गेला, किल्लीने कुलूप लावलं, वरची कडी घातली. पलंग तोच, बादलीसुद्धा तीच. दिवा मालवला आणि मुद्दाम भिंतीकडे तोंड करून पडला, त्या सकाळसारखा. मग अंधारात म्हणाला, "येते म्हण."

काही नाही. बाहेर तळ्याकाठी रातकिडे किरकिरत होते. त्याचं त्यालाच हसू आलं आणि मग खूप रडू आलं. रडता रडता झोप लागली.

जाग आली तेव्हा रातकिडे थांबले होते.

चेनचा आवाज आला.

बॅगेची चेन. हळू... मध्यावर अडकली... मागे आली... पुन्हा ओढली.

तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. मान वळेना. वळवायची हिंमतही होईना.

पावलं. पलंगाच्या मागून. दाराकडे. चार... पाच... थांबली.

"जाते मी."

तोच आवाज. तोच थकवा. दहा महिन्यांत काही बदल नाही.

आणि नंतर ते थांबणं. कोणीतरी दारात उभं आहे. वाट बघतंय...

"मामा," म्हणाला, "मला भीती भुताची वाटली नाही. माझ्या तोंडून पुन्हा 'जा' निघेल, याची वाटली." जीभ जड झालेली. दारातलं कोणी हलत नव्हतं. शेवटी कसाबसा शब्द फुटला.

"येते... म्हण."

किती वेळ गेला, देव जाणे.

त्याला वाटलं, गेली. ऐकलंच नाही तिने.

मग आवाज आला. दारातून नाही... त्याच्या उशीपाशी.

"येते."

उजाडेपर्यंत तो तसाच पडून होता. उजाडल्यावर पाहिलं, तर दाराची कडी लागलेली. कुलूप लागलेलं. पण खरं सांगू का, तो घाबरलेला नव्हता. हलका झाला होता. खाली आला, लॉजवाल्याच्या समोर स्वतःच्या हाताने किल्ली फळीवरच्या चार नंबरच्या खिळ्याला अडकवली. लॉजवाल्याने चहा पाजला. हा दिवसभर तळ्याकाठी बसून राहिला आणि दुपार कलल्यावर गाडी काढली. वाटेत म्हणे दोनदा गाणं गुणगुणला. ती माफ करून गेली, असं त्याला वाटलं. दहा महिन्यांनी पहिल्यांदा त्या माणसाला घरी जावंसं वाटत होतं.

इथून पुढचं मी पाहिलंय.

रविवारची रात्र. साडेनऊ-दहाचा सुमार. मी इथेच होतो, दार लोटलेलं. जिन्यावर पावलं वाजली, किल्ल्यांचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. नुसती खुडबुड. आणि मग...

समोरची बेल वाजली.

एकदा.

थांबली.

पुन्हा एकदा.

त्या दाराची बेल तशी वाजवणारं माणूस जाऊन दहा महिने झाले होते. मी दार उघडलं. तो उभा होता, स्वतःच्या रिकाम्या घराची बेल वाजवून. हातात त्याची किल्ली.

"अरे, बेल काय वाजवतोस? घरात कोण आहे?"

तो माझ्याकडे वळला नाही. दाराकडेच बघत म्हणाला, "किल्ली जात नाही, मामा. आतून लावलीय."

मी घालून पाहिली. खरंच जात नव्हती. काहीतरी आत होतं. त्याच्या गाडीत कामाची हत्यारं होती, ती आणली. मी विजेरी धरली, त्याने ड्रिल लावलं. दोनदा ड्रिल घसरलं. शेवटी कुलूप सुटलं आणि आत फरशीवर पडलं. धाडकन.

दार उघडलं. मी दिवा लावला. खिडक्या बंद. मागचं दार नाहीच या घरांना. दोन्ही खोल्या पाहिल्या, न्हाणीघर पाहिलं. कोणी नाही.

फरशीवर कुलूप. आणि कुलपात, आतल्या बाजूने, किल्ली. लाकडाच्या तुकड्यासकट. पांढऱ्या रंगातला चार.

त्याने लॉजवाल्याला फोन लावला. तो फळी बघून आला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही अडकवलीत ना माझ्यासमोर? खिळ्यावर नाही हो आता."

तो आत आलाच नाही. उंबऱ्याबाहेर उभा, जिथे ती उभी असायची तिथेच. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "चल, माझ्याकडे चल." तर माझ्याकडे बघून हसला. तसं हसणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

"विसरली असेल, मामा," म्हणाला. "दमते ना ती."

त्या घरात तो पुन्हा झोपला नाही. आठवड्याने सामान माणसं पाठवून नेलं. कुलूप आणि किल्ली मात्र 'तुम्हीच ठेवा' म्हणाला. त्या फडताळात वरच्या खणात आहेत, भाचेबुवा, काढा बरं. घाबरता काय, लोखंडच आहे. हं. हे कुलूप. त्या रात्री मी स्वतः यातून ही किल्ली ओढून काढली, जोर लावून. आता तुम्ही घालून बघा. या बाजूने. नाही? उलटी करून बघा. सूनबाईकडे द्या, तिचा हात हलका आहे.

...

नाही ना जात? टोकसुद्धा आत जात नाही.