परत लाव

पक्षी बघणारी माणसं ओळखायला फार अक्कल लागत नाही. चांगली शिकलीसवरलेली, पेन्शन खाणारी मंडळी झाडाखाली माना वर करून, तोंडं उघडी टाकून उभी असतात, आणि वरून कावळा कधी प्रसाद देईल याचा भरवसा नसतो. फणसवाडीतले अच्युतराव धैर्यवान त्यांतलेच. आडनाव धैर्यवान, आणि झुरळ दिसलं की पलंगावर. खरं तर पक्ष्यांचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. वेड होतं ते बायकोला. कर्नाळा म्हणा, फणसाड म्हणा, शिवडीची खाडी म्हणा, उर्मिलाबाई पुढे दुर्बीण घेऊन आणि हे मागे डबा नि पाण्याची बाटली घेऊन. सगळा संसार अशी वरात चालली.

माघात उर्मिलाबाई गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि गाडी गिरगावाबाहेर पडायच्या आत संपल्या.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली, आणि मग एक गोष्ट अच्युतरावांच्या ध्यानात आली. बाईंच्या फोनात ढीगभर व्हिडिओ होते, पण सगळ्यांत पक्षीच बोलत होते. पक्षी बुजू नये म्हणून बाई श्वाससुद्धा रोखून धरायच्या. त्यांचा आवाज कुठेच नव्हता. एक 'हॅलो' नाही. म्हातारा ते व्हिडिओ कानाशी धरून बसायचा, चुकून कुठे खोकली तरी असेल म्हणून. नव्हती खोकली.

मे सरत आला तसा चिंतामणीचा फोन आला. हा त्यांच्या पक्षीवाल्या टोळीतला. पोट असं की गळ्यातली दुर्बीण त्याच्यावर आडवी झोपते.

"धैर्यवान, जिवंत आहेस काय? सिरी रोडला नवरंग उतरलाय. ये लवकर."

नवरंग म्हणजे आखूड शेपटीचा, अंगभर रंग फासलेला पाहुणा. पावसाच्या आधी येतो, दमला की मुंबईत कुठेही टेकतो. उर्मिलाबाईंनी एवढे पक्षी पाहिले, पण याने जन्मभर हुलकावणी दिली. अच्युतरावांनी बाईंचा फोन खिशात टाकला आणि ठाकूरद्वारावरून चौपाटीकडे निघाले. तिच्या वाटचा आपण बघू, म्हणाले, दुसरं काय आहे आपल्या हातात.

सिरी रोड म्हणजे चौपाटीच्या अंगाने मलबार हिलवर चढणारी झाडीतली वाट. ऊन कलत होतं. चिंतामणी पायथ्याशी मान चोळत उभा.

"सकाळी दिसला, आता गायब. माझी मान मोडली रे. मी चाललो, नाहीतर घरी माझाच पक्षी उडेल."

"मी थांबतो जरा."

"थांब. पण फोनवर त्याची शीळ लावू नकोस हां."

"का? तू लावतोस की!"

"लावतो म्हणूनच सांगतो. त्याला वाटतं, जोडीदार बोलावतोय. धावत येतो बिचारा. आणि बघतो तर कोण? तू! टक्कल घेऊन!"

आपल्याच विनोदावर गदगदून हसत चिंतामणी उतरून गेला. त्याचं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. मग तेही नाही.

अच्युतराव वर चढले. झाडी दाट झाली. खाली हमरस्ता वाहत होता, पण त्याची घरघर कुणी गोधडीखाली दाबून ठेवल्यासारखी. पाचोळा, कुजकी फळं आणि वटवाघळांचा उग्र वास. अच्युतरावांनी इकडे तिकडे पाहिलं आणि शहाण्या माणसाने सांगितलेलं करायचं नाही या आपल्या जुन्या रिवाजाला जागून फोनवर शीळ लावली. दोन सुरांची, गोड. थांबले. पुन्हा लावली.

नवरंग काही आला नाही. पण हळूहळू बाकीचे पक्षीही गप्प झाले. आधी कोकिळा. मग पोपट. मग कावळे... मुंबईचे कावळे गप्प झालेले अच्युतरावांनी जन्मात ऐकले नव्हते.

आणि उतारावरच्या झुडपाआडून आवाज आला.

"अहो... आलात का? चहा निवतोय..."

पाठोपाठ कुकरची शिट्टी. अर्धीच. मध्येच तुटलेली.

अच्युतरावांच्या हातातला फोन पाचोळ्यात पडला. तो त्यांनी उचललादेखील नाही. वाट सोडून ते सरळ झाडीत घुसले. काट्यांनी बाही धरली, ती फाडून पुढे गेले. झुरळाला भिणारा माणूस, पण पायाखाली काय सळसळलं तेही पाहिलं नाही त्यांनी.

"उर्मिला... अगं, आलो... आलो गं..."

"अहो... आलात का? चहा निवतोय..." आता थोडं पुढून. आणि पुन्हा ती अर्धी शिट्टी.

तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचे पाय अडखळले. 'अहो'नंतरचा दम तेवढाच. 'निवतोय'वरचा हेल तोच. शिट्टी तुटली तीही त्याच जागी. घरातलाच आवाज होता तो, फणसवाडीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरातला. पण माणूस एकच वाक्य तीनदा असं बोलत नाही. कुणीतरी लावत होतं. आणि लावायचं तर आधी ते टिपायला हवं. म्हणजे त्या दिवशी, कुकर चढलेला असताना, ओट्यापाशी, तिच्या अगदी तोंडाजवळ कुणीतरी... श्वास रोखून...

अच्युतराव जागच्या जागी थिजले. वारा नव्हता. समोरच्या झुडपाची पानं मात्र बोटांनी बाजूला सारावीत तशी किंचित फाकली होती. फटीत काळोख होता, नुसता काळोख. आणि त्यातून कुजबूज आली. झाडाखाली उभी राहून पक्षीवाली माणसं करतात ना, तशीच.

"शूऽऽ... आला..."

"हलू नकोस... उडून जाईल."

"हे जोडीने असतात ना? मादी कुठाय?"

 पहिली कुजबूज, अगदी मायेने:

"मादी नाही आता... म्हणून तर येतो."

 पळावं असं अंगातलं हाड न् हाड सांगत होतं. खाली रस्ता होता, दिवे लागत होते, भेळवाले होते. अशा वेळी आपण काय केलं असतं ते बोलायला सोपं आहे. अच्युतरावांनी काय केलं? हात जोडले. झुडपातल्या त्या काळोखापुढे मान खाली घातली आणि म्हणाले,

"परत लावा... एकदा परत लावा."

"अहो... आलात का?..."

आणि त्यांनी पाऊल पुढे टाकलं.

पुढचं त्यांना आठवत नाही. दिवेलागणीला ते चौपाटीच्या वाळूत बसलेले होते. फाटक्या सदऱ्यात, हसऱ्या तोंडाने, आणि डोळ्यांना धार.

सकाळी परळहून लेक आली, अवनी. बाप आंघोळीहून बाहेर आला तशी ती किंचाळली.

"पप्पा, पायात काय आहे तुमच्या?"

उजव्या घोट्याच्या वर एक कडं होतं. पातळ, राखी रंगाचं, वर बारीक खुणा कोरलेल्या. कुठल्याच लिपीत न बसणाऱ्या. अवनीने चिंतामणीला बोलावलं. आयुष्यात कधी गंभीर न झालेला तो माणूस कडं बघून एकदम हळू आवाजात म्हणाला,

"पक्षी पकडतात ना... पायात असं कडं घालून सोडून देतात. पुन्हा आला तर ओळखू यावा म्हणून."

 धैर्यवानांच्या टकलावर विनोदसुद्धा सुचला नाही त्याला.

दुपारी अवनीने बापाला सोनाराकडे नेलं. त्याने भिंग लावलं, कडं गोल गोल फिरवलं, आणि एकदम हात मागे घेतला.

"काका, याला सांधाच नाही. पायात गेलं कसं? आणि हे कोमट का लागतंय? कुणाच्या मुठीतून आत्ता सुटल्यासारखं?"

"कापा हो तुम्ही," अवनी रडकुंडीला आली.

सोनाराने कानस उचलली तसा अच्युतरावांनी पाय पोटाशी ओढून घेतला, लहान मूल ओढतं तसा.

"नको. राहू दे."

"पप्पा, मी येते तुमच्याबरोबर तिथे. बघू तरी काय आहे ते."

"तू नको येऊस बाळ. गर्दी असली की ते लावत नाहीत."

आता रोज ऊन कललं की अच्युतराव सिरी रोड चढताना दिसतात. दाढी घोटलेली, सदरा इस्त्रीचा. येणारेजाणारे हसतात, कारण एका पायाची विजार घोट्याच्या चांगली वर दुमडलेली असते. कडं लांबून दिसायला हवं ना.