हिरव्याशेजारी पांढरं

१९९८ साल. गंगापूर रोडला माझी मातकामाची कार्यशाळा होती. दोन चाकं, गॅसची एक भट्टी आणि हाताखाली छाया. ती मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची. सकाळी बाजारात शेवंती उतरवून माझ्याकडे यायची, भांड्यांना ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चमकणारा लेप, लावायची, भट्टी रचायची. पाच वर्षांत तिचा हात चुकला नव्हता.

श्रावणात बर्नर बिघडला, म्हणून सिन्नरहून ललितला बोलावलं. कारखान्यात तंत्रज्ञ, शनिवारी सुट्टी असायची. दारातच त्याने छायाची ग्लेझची बादली लवंडली.

"डोळे सिन्नरलाच राहिले वाटतं?" छाया म्हणाली.

"आणलेत की... पण जरा दुसरीकडे होते."

बर्नर त्याच दिवशी दुरुस्त झाला. ललित मात्र पुढचे सहा शनिवार येत राहिला. चाकावर त्याने एक मग घडवला, वाकडा.

"याला हिरवा ग्लेझ द्या."

"मग थांबावं लागेल. क्रोमचा हिरवा पांढऱ्याबरोबर भाजायचा नाही, बाईंचा नियम आहे."

"का? भांडतात?"

"नाही..." छाया हसली. "पांढरं पांढरं राहत नाही."

त्याच दिवशी तिने मला सांगितलं, की पुढच्या रविवारी निफाडची मंडळी तिला बघायला येणार आहेत, आणि घरच्यांनी जवळजवळ ठरवलंच आहे. सांगत मला होती, ऐकवत त्याला. ललित पाना पुसत राहिला.

"चांगली माणसं असतील," एवढंच म्हणाला.

गुरुवारी छायाने भट्टी लावली. शनिवारी आम्ही तिघांनी उघडली. तिच्या हातचा सगळ्यात देखणा पांढरा वाडगा एका बाजूने गुलाबी झाला होता, आणि त्या बाजूला ललितचा हिरवा मग. क्रोमची वाफ पांढऱ्या ग्लेझमधल्या कथिलाला लागली, की हा रंग चढतो. एकदा चढला, की निघत नाही.

"हे शेजारी कोणी ठेवलं?" मी विचारलं.

"बाई, माझंच चुकलं," ललित घाईने म्हणाला.

"तुम्ही तर सिन्नरला होतात," छाया म्हणाली. "मी ठेवलं. काय होतं ते माहीत होतं मला."

ललितने वाडगा हातात फिरवला. फिरवतच राहिला...

"ती मंडळी उद्या किती वाजता येणार?"

"दहाला."

"आणि तुमचे वडील उठतात कधी?"

"चारला. फुलं खुडायला."

"मग पहिल्या एस.टी.ने येतो."

माघात त्यांचं लग्न झालं. निफाडच्या मुलाचं दिंडोरीत जमलं. ललितने नोकरी सोडली नाही. छायाने सिन्नरला घरामागे स्वतःची भट्टी घातली. त्यांची मुलगी आरोही पुण्यात शिकते, मातीला हात लावत नाही. गुडघ्यांमुळे मी चाकं विकली.

वाडगा माझ्याकडेच राहिला. त्यात माझ्या गोळ्या असतात. कामाला येणाऱ्या लताबाई पुसून ठेवताना गुलाबी बाजू भिंतीकडे करतात. त्यांना तो डाग वाटतो. त्या गेल्या, की मी वाडगा पुन्हा फिरवून ठेवते.